धाकटीच्या पुण्याला साधुकार

सक्कराज ५८५, कसोन महिन्याची पौर्णिमा. त्रेचाळीस माणसे.

आमच्या थानौंगबिन गावच्या पॅगोड्याच्या पूर्वदारातील शिलालेख असा सुरू होतो. इसवी सनाच्या गणनेने ते १२२३ साल. पुढे त्रेचाळिसांची कामवार यादी आहे: वीट भाजणारे अकरा, दिवे लावणारे चार, नैवेद्याचा भात शिजवणारे सहा, नगारे वाजवणारे पाच, गुरे राखणारे नऊ आणि झाडणारे आठ. ही माणसे, त्यांची मुले आणि त्या मुलांची मुले, बुद्धशासन पाच हजार वर्षे टिकेल तोवर, पॅगोड्याला दान दिली आहेत, असे दात्याने कोरून ठेवले आहे.

हा दगड आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पायांखाली तुडवला. केव्हातरी कोणीतरी तो उपडा घालून त्याची पायरी केली होती. ८ जुलै १९७५च्या भूकंपात शिखरावरचे छत्र कोसळले, ते पायरीवर आदळले आणि पायरी उलटली. मी मंडाले विद्यापीठात इतिहास शिकून गावच्या शाळेत मास्तर झालेलो, सगळे मला ‘सया’ म्हणत, आणि जुनी अक्षरे लावता येणारा गावात मी एकटाच. विहाराच्या सयादॉंनी, म्हणजे आमच्या वडील भिक्षूंनी, मला बोलावले. मी नऊ दिवस बसून दगड वाचला. त्या नऊही दिवस माझ्या शेजारी खराट्यावर रेलून एक बाई उभी होती. तिची ही हकीकत.

तिचे नाव प्वा शिन, मानाने दॉ प्वा शिन. पॅगोड्याचा चौथरा झाडणे हे तिच्या घराण्याचे काम, आणि यात्रेकरूंना पॅगोड्याची उत्पत्ती सांगणे हा त्याच घराण्याचा मान. ती सांगे त्या कथेत त्रेचाळिसांपैकी एकही नव्हता. बुद्ध पूर्वी एका जन्मात लावा पक्ष्याचे पिल्लू होते. रानाला वणवा लागला, आईबाप उडून गेले, पिल्लाला पंख फुटले नव्हते. पिल्लाने आगीसमोर आपली खरी दशा फक्त बोलून दाखवली आणि आग मागे हटली. पुढे राजा शिकारीला आला तेव्हा होरपळलेल्या माळावर त्याला गोल हिरवी जागा दिसली, त्याने तेथे नवस बोलला, आणि विटा देवांनी रातोरात रचल्या. प्वा शिन ही कथा फार सुरेख सांगे. आग मागे हटते त्या ठिकाणी ती हातातला खराटा आडवा धरी, आणि मुले दोन पावले मागे सरत.

तिच्या कुळाला गावात एक नाव होते, ‘फयाचुन’, पॅगोड्याचे दास. कायद्याने तो शब्द केव्हाच पुसला होता. माणसांच्या वागण्यातून तो गेला नव्हता. पूर्ववेशीकडची बारा घरे त्या नावाची. त्यांच्या हातचे कोणी खात नसे, त्यांच्यात मुलगी देत नसे. तोंडाने उच्चार कोणी करीत नव्हते, पण विहिरीवर कोणाची बादली पाहून कोणाची बादली बाजूला सरकते, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळत असे.

१९२९ साली प्वा शिन तेरा वर्षांची होती आणि तिची धाकटी बहीण ओन म्याइंग आठ वर्षांची. त्यांची एक मावशी नदीपलीकडे पखोक्कूला चिरूट वळण्याचे काम करी. शहरात ती आपले कूळ लपवून राहिली होती. तिला मूल नव्हते. ती होडीने आली आणि म्हणाली, एक मुलगी द्या. प्वा शिनने आपले गाठोडे आदल्या दिवशीच बांधले होते. मावशीने दोघींना अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावले.

“थोरली नको,” मावशी म्हणाली. “हिची चाल बघा. डावा खांदा खाली, पाऊल घासून. झाडणारीची चाल आहे. शहरात चार दिवसांत कुणीही ओळखेल.”

गाठोडे तेच गेले, फक्त ते धाकटीच्या डोक्यावर होते.

मत्सराला मोठे कारण लागते, ही सुशिक्षितांची समजूत आहे. प्वा शिनला बहिणीच्या पैशाचे विशेष काही वाटत नव्हते. तिला त्या चालीचे वाटत होते. कामाने आपल्या शरीरावर जे लिहिले ते पुसता येत नाही, आणि बहिणीच्या शरीरावर ते लिहिलेच गेले नाही, हे तिला आयुष्यभर डाचत राहिले. नावाडी आला की ती विचारी, “ती कशी आहे?” नावाडी म्हणे, “मजेत.” मग ती दिवसभर कोणाशी बोलत नसे. एकदा नावाड्याने सांगितले, तिला ताप भरला होता. त्या दिवशी प्वा शिनने नावाड्याला ताडगुळाचा मोठा खडा दिला. हे त्यानेच मला हसत सांगितले. मला हसू आले नाही.

ओन म्याइंगचे लग्न पखोक्कूच्या तेलघाणीवाल्या ऊ बा खेटशी झाले. त्याची आई दॉ सॉ न्यून मोठ्या दानशूर घराण्यातली. तिच्या आजोबांनी तीन पॅगोडे बांधलेले. मुलीचे आईबाप थानौंगबिनकडचे तिळाचे शेतकरी होते, दोघेही वारले, असे मावशीने सासरी सांगितले. आईबाप वारले होते हे खरे होते. बाकीचे कोणाला माहीत नव्हते, आणि ते माहीत होणे म्हणजे ओन म्याइंगचे घर, चूल आणि मुलांची लग्ने संपणे होते. थानौंगबिनने तोंड बंद ठेवले. त्यात फार उदारपणा नव्हता. जो बोलला असता त्याला आधी पूर्ववेशीचे ते नाव स्वतःच्या तोंडाने घ्यावे लागले असते.

वर्षातून एकदा, तबौंग महिन्यातल्या पॅगोड्याच्या जत्रेला, ओन म्याइंग सासूबरोबर यात्रेकरू म्हणून येई. थोरल्या बहिणीला ‘अमा’ म्हणतात, पण ती हाक आमच्याकडे कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला मारतात, त्यामुळे ती सासूसमोर खपून जाई. एका वर्षीचे बोलणे मी ऐकले आहे. चौथऱ्याचे दगड तापले होते, सासू सावलीत बसली होती, आणि ओन म्याइंग अनवाणी पायांनी एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या मारत चालली होती.

“अमा, पाय भाजले गं!”

“भाजणारच. पॅगोड्याला ठाऊक नाही तू कुणाची सून ते.”

“तुला नाही भाजत?”

“भाजायला कातडी मऊ लागते.” प्वा शिन मुद्दाम सर्वांत तापलेल्या दगडावर उभी राहिली.

“तुझ्यासाठी रेशमी लुंगी आणलीये. मंडालेची.”

“खराट्याला नेसवू का?”

“असं काय बोलतेस? एकदा नेस तरी. तुला किती खुलेल!”

“खुलून दाखवू कुणाला? तुझ्या सासूला? ती विचारेल, ही झाडणारी कोण गं तुझी? काय सांगशील?”

ओन म्याइंगने सासूकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “अमा, हळू.”

“बघ. हळूच बोलायचं माझ्याशी. वर्षातून एकदा, ते पण हळू.”

लुंगी तिने घेतली. कधी नेसली नाही. पण तिच्या शेजारणीने सांगितले, जत्रा संपली की ती पेटीतून काढून कमरेला लावून पाहते आणि घडी मोडू न देता परत ठेवते.

भूकंपानंतर शिखर उघडे पडले. छत्राला लावलेल्या लहान घंटा चौथऱ्यावर विखुरल्या होत्या. प्वा शिनने झुडपांतून हुडकून एकवीस गोळा केल्या, चिंचेने घासल्या, चेपलेल्या काठाला लाकडी ठोकळ्यावर आकार दिला. नवे छत्र कोणीही देवो, घंटा या असाव्यात, एवढीच तिची इच्छा होती. दोन वर्षांनी पॅगोड्याच्या मंडळाने सांगितले, दाता मिळाला. पखोक्कूचे ऊ बा खेट आणि त्यांची पत्नी. छत्र, रत्ने, घंटा, सगळे मंडालेहून नवे येणार.

पॅगोड्याला छत्र चढवणाऱ्या स्त्रीला आम्ही ‘फयातगामा’ म्हणतो, आणि एकदा ती पदवी मिळाली की वडीलधारेही तिला त्याच नावाने हाक मारतात.

“पन्नास वर्षं झाडलं ती मी,” प्वा शिन मला म्हणाली, “आणि फयातगामा ती. सया, मला सुद्धा हाक मारताना म्हणावं लागेल. ‘यावं फयातगामा, बसावं फयातगामा.’ माझ्या कडेवर मुतायची ती.”

या सुमारास आमच्यात दगडाविषयी बोलणे झाले. तिच्या घरात रिवाज होता: सकाळी खराटा उचलण्यापूर्वी पूर्वजांची नावे म्हणायची. यादीचे शेवटचे नाव होते न्गा लोन. तो कोण, कधीचा, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. ते ऐकून मला दगडावरची झाडणाऱ्यांची ओळ आठवली, आणि मी ती तिला वाचून दाखवली: न्गा लोन, त्याची बायको ई प्वत, मुलगी एक.

“परत वाचा, सया.”

मी परत वाचले.

“आमचाच तो?”

“नाव तुमच्या तोंडात, नाव दगडावर. अजून कुठला पुरावा हवा?”

“म्हणजे लोक म्हणतात ते खरं आहे तर.”

“माणसं खोटं बोलतील, दॉ प्वा शिन. दगड खोटं बोलत नाही.” साडेसातशे वर्षांचा धागा हाती लागल्याच्या आनंदात मी होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला असा दिवस क्वचित लाभतो.

तिने त्या ओळीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, “मुलांची मुलं असं लिहिलंय म्हणालात. मग ह्यात ओन म्याइंग पण आली.”

“आली की.”

“आली,” ती म्हणाली. “बरं झालं.”

नंतरच्या महिनाभरात तिने माझ्याकडून त्रेचाळीसही नावे पाठ करून घेतली. मला वाटले, तिला पूर्वजांचा अभिमान वाटू लागला आहे. मी मन लावून शिकवले.

१९७८च्या तबौंग पौर्णिमेला छत्र चढवायचे ठरले. सकाळी पखोक्कूहून दोन होड्या भरून माणसे आली. चौथऱ्यापासून शिखरापर्यंत दोर ताणले होते, त्यांवरून सजवलेल्या लहानशा नौकेत घालून छत्राचे एकेक कडे वर ओढायचे. पाहुण्यांनी अंगठ्या, कर्णफुले छत्राला बांधायला दिली होती. दॉ सॉ न्यूनने आपल्या आईची माणकाची अंगठी बोटातून काढून दिली. ऐंशी वर्षांची ती बाई चटईवर ताठ बसली होती, आणि ओन म्याइंग मुरवलेल्या चहापानांचे तबक तिच्यापुढे धरून होती. प्वा शिनच्या एकवीस घंटा एका टोपलीत, खांबाच्या मागे होत्या.

ओन म्याइंग तबक ठेवून खांबाशी आली.

“अमा, आज छान सांग हं. सासूबाईंना लाव्याची गोष्ट फार आवडते.”

“सांगते की. माझं कामच ते.”

“ह्या टोपलीत काय?”

“केर.”

“आज तरी रागावू नकोस गं. हे मी कुणासाठी केलंय? आईसाठी. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी केलंस तर माझं नाव घेशील? पाणी वाहून पुण्य वाटताना? मोठ्यानं?”

ओन म्याइंगने सासूच्या चटईकडे पाहिले. मग म्हणाली, “मनात घेईन.”

“मनात,” प्वा शिन म्हणाली. “जा, तुझी माणसं वाट बघतायत, फयातगामा.”

छत्र चढण्यापूर्वी पॅगोड्याची उत्पत्ती सांगितली जाते, आणि ती झाडणाऱ्यांच्या घरातल्या माणसानेच सांगायची असते. प्वा शिन उभी राहिली. वणवा लागला, आईबाप उडून गेले, तिने खराटा आडवा धरला, आग मागे हटली. पाहुण्यांनी वाहवा केली. कथा इथे संपते. तिने ती संपवली नाही.

“आणि विटा देवांनी रचल्या असं आम्ही सांगतो,” ती म्हणाली. “पण आता दगड सापडलाय. सयांनी वाचलाय. विटा माणसांनी भाजल्या. ऐका.”

तिने अकरा वीट भाजणाऱ्यांपासून सुरुवात केली. एकही नाव चुकले नाही. प्रथम मला अभिमान वाटला, हे मी नोंदवून ठेवतो. पूर्ववेशीची माणसे, जी कडेला उभी होती, एकेक करून मान वर करू लागली. मग झाडणारे आले.

“न्गा लोन. त्याचा खराटा त्याच्या लेकीकडे आला. तिथून पुढे येत येत माझ्या आईकडे आला. आईला दोन मुली. एक मी.” तिने आवाज किंचितही चढवला नाही. “दुसरी ह्या. आजच्या फयातगामा.”

खरे बोलले की आग मागे हटते, असे ती जन्मभर सांगत आली होती. त्या दिवशीही ती खरेच बोलली.

दॉ सॉ न्यूनच्या चिमटीत चहापाने होती. तिने ती तबकात परत ठेवली आणि एकेक बोट पुसले.

“ओन म्याइंग, तुझ्या वडलांची तिळाची शेतं कुठल्या अंगाला होती म्हणालीस?”

“नव्हती, अमे.” सासूला ती आईच म्हणे. “शेतं नव्हती.”

“मग पस्तीस वर्षं माझ्या चुलीवर कोण रांधत होतं?”

“मीच.”

म्हातारी उठली. तिच्याबरोबर पखोक्कूची माणसे उठली. दोरावरचे हात सुटले आणि सजवलेली नौका शिखराच्या अर्ध्या वाटेवर लोंबकळत राहिली. ऊ बा खेट आईकडे पाहत होता, मग होडीकडे, मग वर छत्राकडे. त्याने बायकोकडे पाहिले नाही. सयादॉंनी कोणालाच थांबवले नाही. कडेला उभी असलेली पूर्ववेशीची माणसे पुढे आली, ज्यांना त्या दोराला हात लावायला कोणी बोलावले नव्हते, आणि त्यांनी दोर धरला. छत्र चढले.

त्यानंतर पाणी वाहायचे असते. दाता थेंबथेंब पाणी पात्रात सोडतो, वसुंधरेला साक्ष ठेवतो आणि मिळालेले पुण्य मोठ्याने सर्वांना वाटतो. ऐकणारे तीनदा ‘साधु’ म्हणतात. जो साधु म्हणतो त्यालाच वाटा पोचतो. दुसऱ्याच्या पुण्याचा आनंद मानणे हेच तो घेण्याचे एकमेव साधन आहे. ओन म्याइंग एकटीच गुडघे टेकून बसली.

“हे पुण्य पहिल्यांदा माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, प्वा शिनला,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. “मग आईवडलांना. मग सगळ्या जिवांना. घ्या. घ्या. घ्या.”

पूर्ववेशीने साधु म्हटले. उरलेल्यांतल्या काहींनी ओठ हलवले. मी म्हटले. प्वा शिन खराट्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी होती, आणि तिचे तोंड घट्ट मिटलेले होते. जे नाव तिने सकाळी मागितले होते ते तिला मिळाले होते, पण बहिणीने ते देऊन तिला पुन्हा एकदा मागे टाकले होते. आता तिच्यापाशी सांगण्यासारखे काही उरले नव्हते, आणि बहिणीपाशी लपवण्यासारखे.

पखोक्कूच्या घरात ओन म्याइंगसाठी वेगळी चूल मांडली गेली. तिने रांधलेले सासूने मरेपर्यंत खाल्ले नाही. मोठ्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले. नवऱ्याने तिला घराबाहेर काढले नाही. त्याबद्दल त्याची स्तुती झाली. ती पुन्हा थानौंगबिनला आली नाही, पण दर तबौंगला घरीच पाणी वाही आणि नावाड्याबरोबर निरोप पाठवी: “अमाला सांग, पाणी वाहिलं, वाटा घे.”

आणि आमचे गाव धाकटीच्या क्षमाशीलतेचे गोडवे गाऊ लागले. दोन वर्षांत ओन म्याइंग ही लहान मुलांना सांगायची गोष्ट झाली. कथा सांगण्याचा मान प्वा शिनकडेच राहिला, पण कथा संपली की यात्रेकरू विचारत, “क्षमा करणारी ती धाकटी बहीण इथलीच का?” बहिणीच्या सुखाचा तिने मत्सर केला होता, आता तिला बहिणीच्या दुःखाचाही मत्सर करावा लागत होता. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकांत याला नाव नाही.

एकदा मी तिला सरळ विचारले.

“सया,” ती म्हणाली, “तिनं मला तिथल्या तिथं शिव्या घातल्या असत्या ना, तर मी त्याच दिवशी साधु म्हटलं असतं.”

“मग आता म्हणा.”

“आता म्हटलं की लोक काय म्हणतील? बघा, धाकटीनं थोरलीला वळवलं. म्हणजे ते पण पुण्य तिच्याच खात्यात. झाडते मी, उजळते ती.”

“लोकांना ऐकू जाईल असं कुठं म्हणायचंय? मनात म्हणा.”

“मनात?” ती हसली. “मनातलं देणं मला चांगलं ठाऊक आहे.”

१९९०च्या हिवाळ्यात नावाडी नेहमीचा निरोप न आणता आला. ओन म्याइंग वारली होती. प्वा शिनने ऐकून घेतले, चौथरा झाडून पुरा केला आणि दुपारी विहारात गेली. मी तेथे होतो.

“वाटणारी गेल्यावर वाटा घेता येतो का?” तिने सयादॉंना विचारले.

“तिने दिलेला आहे,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणाल त्या क्षणी पोचेल.”

“कितीही उशिरा?”

“कितीही.”

“मग घाई नाही,” ती म्हणाली, आणि बाहेर आल्यावर पायरीवर बसून तिने इतका वेळ खांद्यावरचा पंचा तोंडावर धरला की मी शाळेत निघून गेलो.

ती आणखी चार वर्षे जगली. शेवटच्या आजारात पूर्ववेशीच्या बायका आळीपाळीने तिच्यापाशी बसत. तबौंगची पौर्णिमा त्या दिवसांत येऊन गेली. शेजारीण म्हणाली, “मावशी, म्हण ना गं आता, मी नाही कुणाला सांगणार.” प्वा शिनने भिंतीकडे तोंड केले.

१९९४च्या पावसाळ्याअखेर ती वारली. ओन म्याइंगच्या पुण्याला द्यायचे तीन साधु तिने दिलेले नाहीत. त्या दगडावर त्रेचाळीस नावे आहेत, लाज कोठेही कोरलेली नाही, ती आम्ही घातली, हे एक वाक्य दगड वाचताना मी तिला सांगायला हवे होते. तेही मी दिलेले नाही.